‘गिरकी’ घेतात, ‘घिरट्या’ घालतात

‘गिरकी’ या शब्दाचा अर्थ ‘गोल फिरणे’ असा दिला, तर तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण अपुरा नक्कीच आहे. गिरकीत फिरणारा स्वतःभोवतीच फिरतो, तेही झपकन, आणि बहुधा एकदोन फेऱ्यांत ते आटोपते. म्हणून नर्तकी गिरकी घेते आणि वाऱ्यात सापडलेले वाळके पान गिरक्या घेत खाली येते. आभाळातली घार मात्र घिरट्या घालते, कारण तिच्या फिरण्याचा मध्य खाली कुठेतरी असतो आणि त्यावर तिची नजर खिळलेली असते. ही नजर शब्दाला कायमची चिकटली आहे. ‘हा इथे सारखा घिरट्या का घालतो आहे?’ या प्रश्नात संशय येतो तो त्यामुळेच. ‘फेऱ्या का मारतो आहे?’ असे विचारले, तर तो बराच सौम्य होतो.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. गिरकी घेतात, घिरट्या, प्रदक्षिणा, वळसा, वेढा, विळखा हे सारे घालतात. दुसरे काहीतरी मध्ये ठेवून फिरायचे असले, की मराठीचा कल ‘घालणे’कडे असतो, असे मला वाटते. हा काही पक्का नियम नव्हे, कारण फेरी आणि चक्कर आपण मारतो. चक्कर तर येतेही, आणि ती मारली की आली, हे केवळ क्रियापदावरून कळते.

‘भोवरा’ आणि ‘भोवळ’ हे शब्द फिरणे या अर्थाच्या संस्कृत ‘भ्रम्’ धातूपासून आले आहेत. भोवरा दोरीने फिरवायचा असतो, पाण्यातला असतो आणि डोक्यावरच्या केसांतलाही असतो. दोरीचा भोवरा ऐन वेगात असताना एका जागी स्थिर उभा दिसतो. वेग ओसरला की तो कलतो आणि त्याचा आसही हळूहळू गोल फिरू लागतो. त्या डुलण्याला ‘गिरकी’ म्हणता येत नाही, कारण गिरकीत डौल असतो, तोल जाणे नसते.

‘प्रदक्षिणा’ या शब्दात तर दिशाच ठरलेली आहे: मध्य उजव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणे. आता पृथ्वी सूर्याभोवती प्रदक्षिणा घालते असे आपण सर्रास म्हणतो. पण उत्तर ध्रुवाच्या बाजूने पाहिल्यास ती काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणजे शब्दाला धरून बोलायचे, तर ही प्रदक्षिणा नव्हेच. त्यामुळे भूगोलाच्या पुस्तकात स्वतःभोवती फिरण्याला ‘परिवलन’ आणि सूर्याभोवती सुमारे ३६५ दिवसांत फिरण्याला ‘परिभ्रमण’ म्हणतात, ते रुक्ष वाटले तरी तसेच राहू द्यावे. बोलताना कोणी पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला लावली, तर मात्र मी हरकत घेणार नाही.