जोडारी झालेल्याने नोकरी सांभाळून विद्युत देखभालीचे अर्धवेळ प्रशिक्षण कसे निवडावे?

अंबडचा_जोडारी यांचा प्रश्न

नमस्कार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी (फिटर) व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून मी सध्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. बेअरिंग बदलणे, कपलिंग (मोटार व यंत्राचे शाफ्ट जोडणारा भाग) जुळवणे, हायड्रॉलिक पॉवर पॅकची सील बदलणे, व्ही-बेल्टचा ताण तपासणे ही कामे माझ्याकडे असतात. पॅनेलचे (विद्युत नियंत्रण पेटीचे) दार वीजतंत्र्याशिवाय (इलेक्ट्रिशियनशिवाय) कोणी उघडायचे नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि तो योग्यच आहे. परंतु रात्रपाळीत एकच वीजतंत्री असल्यामुळे बिघाड विद्युत बाजूचा आहे की यांत्रिक बाजूचा, हे ठरेपर्यंतच यंत्र बराच वेळ उभे राहते. वरिष्ठांनी मला विद्युत बाजू शिकून घेण्यास सुचवले आहे.

शहरातील एका खासगी वर्गाचे सहा महिन्यांच्या ‘इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल मेंटेनन्स’ अभ्यासक्रमाचे पत्रक माझ्याकडे आले आहे. त्यात घरगुती वायरिंगपासून पीएलसीपर्यंत (यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकापर्यंत) सर्व काही आठवड्यातील दोन संध्याकाळी शिकवण्याचे आश्वासन आहे. असा वर्ग करावा, की पदविकेला प्रवेश घ्यावा, की पुन्हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री व्यवसाय करावा? माझ्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात, त्यामुळे पूर्णवेळ शिक्षण शक्य नाही. शिवाय असे प्रशिक्षण घेतल्यावर पॅनेलमध्ये काम करण्याची कायदेशीर परवानगी मिळते का, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिल्पनिदेशक यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. बिघाड ओळखता येणे ही एक गोष्ट आणि विद्युत संचमांडणीवर (तारा, पॅनेल, उपकरणे यांच्या जोडणीवर) अधिकृतपणे हात लावता येणे ही दुसरी. पहिलीसाठी चांगला अर्धवेळ वर्ग पुरतो, दुसरीसाठी पुरत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार संचमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या (वायरमनच्या) हातून व्हायचे असते. महाराष्ट्रात हे परवाने राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेशी संलग्न असलेल्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. जोडारीच्या प्रमाणपत्रावर तो परवाना मिळत नाही आणि खासगी वर्गाच्या प्रमाणपत्राचाही तेथे स्वतंत्र उपयोग होत नाही. वर्गचालक ‘शासनमान्य’ असा शब्द वापरत असतील, तर मान्यता नेमकी कोणत्या मंडळाची, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या संकेतांकाने आहे, हे त्यांच्याकडून कागदावर घ्यावे. महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळ अल्पमुदतीचे आणि अर्धवेळ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थांमार्फत चालवते व त्यांची परीक्षाही घेते. अशा परीक्षेचे प्रमाणपत्र आणि वर्गचालकाने स्वतःच्या सहीने दिलेले प्रमाणपत्र यांत मोठा फरक आहे.

सातपूरला त्र्यंबक रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन समक्ष चौकशी करावी. वीजतंत्री व्यवसाय तेथेही दोन वर्षांचाच आहे आणि नियमित प्रवेश घेतल्यास उपस्थितीची अट पाळावी लागते, म्हणून फिरत्या पाळीत तो मार्ग अवघड आहे. मात्र पुरेसा अनुभव असलेल्या कामगाराला खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेस बसण्याची तरतूद आहे. तुमचा अनुभव जोडारीचा असल्याने वीजतंत्री व्यवसायासाठी तो आज ग्राह्य धरला जाणार नाही. म्हणून कारखान्याकडून तुमच्या नियुक्तीपत्रात वा बदलीच्या आदेशात विद्युत देखभालीचा स्पष्ट उल्लेख करून घेणे हे वर्गाच्या फीपेक्षा महत्त्वाचे आहे. वरिष्ठांनी तोंडी सांगितलेले काम कोणत्याही अर्जाला जोडता येत नाही.

सातपूर_देखभाल यांचे उत्तर

सरांनी कागदाची बाजू नीट सांगितली आहे. मी कामाची बाजू मांडतो. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर आणि मोटारींचे सुटे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत की दोन्ही बाजू कळणाऱ्या माणसाला येथे काम कमी पडत नाही. पण ‘दोन्ही बाजू कळणे’ म्हणजे दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवणे नव्हे, कारण बिघाड स्वतःची बाजू सांगत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. पंपाची मोटार अर्ध्या तासाने ओव्हरलोड रिलेवर ट्रिप होते, म्हणजे प्रवाह जास्त झाल्यावर मोटार बंद करणारे संरक्षक साधन तिला बंद करते. फक्त विद्युत शिकलेला माणूस रिलेची सेटिंग थोडी वाढवतो आणि यंत्र चालू करून निघून जातो. फक्त यांत्रिक शिकलेला माणूस ‘वायरमनला बोलवा’ म्हणतो. खरे काम क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारे उपकरण) लावून सुरू होते. तिन्ही फेजमधला (पुरवठ्याच्या तीन तारांमधला) प्रवाह जवळपास सारखाच पण मोटारीच्या प्लेटवरील आकड्यापेक्षा जास्त असेल, तर मोटारीवर भार जास्त पडतो आहे आणि कारण बहुधा पंप, कपलिंग किंवा बेअरिंगमध्ये आहे. एका फेजमध्ये प्रवाह नसेल आणि उरलेल्या दोन्हींत वाढला असेल, तर फ्यूज, कॉन्टॅक्टरचे (मोटारीचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचचे) जळलेले संपर्क किंवा सैल टर्मिनल शोधावे. नंतर पुरवठा खंडित करून, कुलूप व फलक लावून कपलिंग सोडावे आणि मग पुरवठा पुन्हा देऊन मोटार मोकळी चालवून पाहावी. मोकळ्या मोटारीचा प्रवाह साधारणपणे पूर्ण भाराच्या 30 ते 50 टक्के असतो. तो तसा आला आणि आवाजही स्वच्छ असला, तर दोष कपलिंगच्या पलीकडे, म्हणजे तुमच्याच हद्दीत आहे. हे तुम्हाला यायला लागले की वीजतंत्री येण्यापूर्वीच अर्धे निदान झालेले असेल. मोजमाप मात्र तुमच्या कारखान्यात ज्याला तो अधिकार आहे, त्याच्या उपस्थितीतच करावे.

म्हणून माझ्या मते तुमच्यासारख्या जोडाऱ्याने पीएलसीपासून सुरुवात करू नये. मोटार, स्टार्टर, कंट्रोल सर्किटचा आराखडा वाचणे, मेगरने इन्सुलेशन तपासणे आणि सेन्सरची जोडणी एवढे पहिले सहा महिने पुरे आहे. मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या) तारा सोडाव्या लागतात, नाहीतर ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक भाग खराब होतात. पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युत दाब काही मिनिटे टिकतो, म्हणून आवरणावर लिहिलेला वेळ थांबावे लागते. ज्या वर्गात या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात सांगत नाहीत, तो वर्ग देखभालीचा नव्हे.

पॅनेल_विभाग_नाशिक यांचे उत्तर

मी पॅनेल जोडणीच्या कामात आहे आणि नोकरी करतानाच असा एक अर्धवेळ वर्ग केला आहे. त्या वर्गाचे नाव घेत नाही, पण अनुभव सांगते. पत्रकात कार्यशाळेची छायाचित्रे होती. प्रत्यक्षात वीस जणांमागे एकच स्टार-डेल्टा पॅनेल (मोटार आधी कमी प्रवाहात सुरू करून मग पूर्ण जोरात चालवणारे) होते आणि तेही आधीच जोडलेले. शिक्षक बटण दाबून कॉन्टॅक्टर चालू-बंद होताना दाखवत आणि आम्ही वहीत आकृती काढत असू. पडदा आणि प्रोजेक्टर उत्तम होते. हातात स्क्रू ड्रायव्हर मात्र शेवटच्या महिन्यात आला.

त्यामुळे प्रवेशापूर्वी एखादी संध्याकाळ वर्ग चालू असताना जाऊन बसा. प्रत्येक टेबलावर सुटे कॉन्टॅक्टर, टायमर, ओव्हरलोड रिले, पुश बटणे आणि डिन रेल (हे भाग बसवायची धातूची पट्टी) आहेत का, ते पाहा. जोडलेल्या पॅनेलमध्ये मुद्दाम दोष घालून तो शोधायला लावतात का, हे विद्यार्थ्यांना विचारा, शिक्षकांना नको. टर्मिनलवरील फेरूल आणि लग (तारेच्या टोकावर बसवायचे धातूचे भाग) नीट दाबायला शिकवतात की तारा नुसत्या पिळून बसवतात, एवढ्यावरूनही वर्गाची पारख होते. यांत्रिक बाजूसाठी तुम्हाला वर्गाची गरज नाही, पण डायल गेजने कपलिंग जुळवण्याचा संच तेथे धूळ खात पडलेला दिसला, तर उरलेल्या सामग्रीचीही तीच गत समजा.

सिन्नरकर_पदविका यांचे उत्तर

वर्गाच्या चर्चेत पदविकेचा पर्याय बाजूला पडू नये, असे मला वाटते. दहावीनंतर दोन वर्षांचा औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रम केलेल्यांना पदविकेच्या थेट द्वितीय वर्षास प्रवेश मिळू शकतो, म्हणजे तुमचे एक वर्ष वाचते. शिवाय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडच्या वर्षांत नोकरदारांसाठी लवचीक वेळेत पदविका व पदवीचे वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आणि कामाचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतराच्या आत असणे आवश्यक असते. प्रत्येक तंत्रनिकेतनात ही सोय नसते. ज्या संस्थेने ज्या शाखेसाठी परवानगी घेतली आहे, तेथेच ती मिळते. पर्यवेक्षक म्हणून पुढे जायचे असेल, तर सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांची चळत लावण्यापेक्षा ही एक पदवी किंवा पदविका अधिक उपयोगी पडेल. येथे मी आधीच्या उत्तरांशी थोडा असहमत आहे.

अंतराचाही विचार करा. नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावरील शासकीय तंत्रनिकेतन अंबडहून लांब पडते आणि संध्याकाळी द्वारका चौकाच्या कोंडीतून पाळी सुटल्यावर जायचे म्हटले, तर पहिला तास रस्त्यावरच संपेल. सातपूरची बाजू खुटवडनगरमार्गे तुम्हाला जवळची आहे.

अंबडचा_जोडारी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील आठवड्यात सातपूरच्या संस्थेत चौकशी करणार आहे आणि नियुक्तीपत्रातील उल्लेखाबद्दल मनुष्यबळ विभागाकडे लेखी अर्ज देत आहे. खासगी वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी तेथे एक संध्याकाळ बसून येईन. पदविकेचा विचार सोडलेला नाही. परंतु फिरत्या पाळीत तीन दिवस वर्ग आणि तीन दिवस दांडी असे होऊ नये, म्हणून वर्षभर एकच पाळी मिळते का, ते आधी पाहतो.

एक तांत्रिक शंका आहे. आमच्या 15 अश्वशक्तीच्या मोटारीच्या प्लेटवर 21 ॲम्पिअर लिहिले आहे, पण स्टार-डेल्टा पॅनेलमधील रिले 12 च्या आसपास लावलेला दिसतो. तो चुकीचा आहे असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. तसे असेल तर मोटार रोज ट्रिप व्हायला हवी होती ना?

सातपूर_देखभाल यांचे उत्तर

रिले बरोबर आहे, सहकाऱ्यांना हात लावू देऊ नका. स्टार-डेल्टामध्ये रिले बहुधा मुख्य कॉन्टॅक्टरच्या पुढे, वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेला असतो. डेल्टात चालताना वाइंडिंगमधील प्रवाह पुरवठ्याच्या तारेतील प्रवाहाच्या सुमारे 0.58 पट असतो. 21 गुणिले 0.58 म्हणजे 12 च्या थोडे वर. तेथे कोणी प्लेट पाहून 21 लावले, तर मोटार जवळपास पावणेदोन पट प्रवाहापर्यंत तापत राहिली तरी रिले तिला वाचवणार नाही. जळालेल्या वाइंडिंगची चौकशी होईल तेव्हा सेटिंग कोणी बदलली, हा प्रश्न प्रथम येईल. रिले नेमका कोठे जोडला आहे, हे पॅनेलच्या दाराच्या आतील आराखड्यात पाहता येते. आराखडा नसेल, तर तुमच्या वीजतंत्र्याला तो काढून द्यायला सांगा आणि त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही काढा. तुमच्या अर्धवेळ प्रशिक्षणाचा पहिला पाठ तेथेच होईल आणि त्याची फीही लागणार नाही.