आमच्या घरचे फौजी: खानदेशातले अनुभव

खानदेशातला फौजी पेन्शनवर घरी आला की लोकांना त्याच्याकडून लढाईच्याच गोष्टी हव्या असतात. 15 ऑगस्टला शाळेत बोलावतात, शाल-नारळ देतात, "कारगिलचं सांगा" म्हणतात. पण जवान बहुतेक वेळा पस्तिशी-चाळिशीतच परत येतो. पुढचं अख्खं आयुष्य शेतात, घरात, देवळात जातं आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. हा धागा त्या आयुष्यासाठी आहे. वडील, सासरे, आजोबा, मामा, कोणाहीबद्दल लिहा. कौतुकच हवं असं नाही. माणसांची नावं मात्र टाळा.

तापीकाठची

आमच्याकडे कानबाई बसते, आमची खानदेशातली देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी. बाहेरच्यांसाठी सांगते: रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद; त्यांचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, आणि ते रोट भाऊबंदांतच खायचे. सुरत, मुंबई, नाशिक, जिथे असतील तिथून सगळे गावी येतात. पप्पा 1999 ला द्रासकडे होते. 26 जुलैला लढाई संपली, पण सुटी काही मिळाली नाही. त्या श्रावणात गहू काढताना आजीने पप्पांच्या नावाची मूठ टाकली. थोरले काका म्हणाले, तो तर इथे नाही, रोट खाणार कोण? आजी अहिराणीत एवढंच म्हणाली, "मना आंडोर शे तो," माझा मुलगा आहे तो. मूठ पडली. पप्पांच्या वाट्याचं आजीनेच खाल्लं.

पेन्शनवर आल्यापासून कानबाईचं सगळं पप्पांनी अंगावर घेतलंय. गहू निवडण्यापासून भाऊबंदांना फोन करण्यापर्यंत. आरती दहाला म्हटलं की पावणेदहाला सगळी पोरं अंगणात उभी पाहिजेत. दुसऱ्या दिवशी नदीवर विसर्जनाला निघालो की बाया फुगड्या घालतात, मिरवणूक चौकाचौकात रेंगाळते. तिथे मात्र हा माणूस घड्याळ बघत नाही.

आणि एक. आमच्या देव्हाऱ्यात सप्तशृंगीच्या शेजारी ओपी बाबांचा फोटो आहे. सियाचीनवर चढण्याआधी आणि खाली उतरल्यावर जवान त्यांच्यापुढे हजेरी देतात. आईने पहिल्यांदा विचारलं होतं, हा कोणता देव आपल्या कुळात? पप्पा म्हणाले, "तिकडचा गावदेव समज." तेव्हापासून पुरणपोळीचा नैवेद्य त्यांनाही असतो. बर्फातल्या देवाला खापरावरची पुरणपोळी कशी वाटत असेल, देव जाणे.

बोरीकाठ

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निघाले. घरी येऊन वर्ष व्हायच्या आत माळ घातली आणि गावाची पंचाईत झाली. फौजी कॅन्टीनच्या कार्डावर दारूच्या बाटल्यांचा कोटा असतो, तुम्हाला माहीत आहेच. न पिणाऱ्या फौजीचा कोटा म्हणजे गावाच्या नजरेत पडीक जमीन, कोणीतरी पेरायलाच हवी. लग्नसराईत ओळखीपाळखीचे येऊन ओट्यावर बसत. मामा चहा पाजत, हरिपाठाला थांबा म्हणत, बाटली देत नसत. एका सोयऱ्याने त्यावरून बोलणं टाकलं. मामीला फार लागलं ते. मामांना काही वाटल्याचं दिसलं नाही.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघते, मुक्ताईनगरहून पंढरपूर, महिनाभराची वाट. मामा पहिल्या वर्षी दिंडीत गेले आणि तिथेही परेड सुरू केली. टाळकऱ्यांच्या ओळी सरळ हव्यात, पाण्याच्या टँकरपाशी रांग हवी. एका म्हाताऱ्या विणेकऱ्याने त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हवालदार, इथे चाल अभंगाची." मग मामांनी वेगळं काम धरलं. मुक्कामाला सगळे पोचले की मागे राहिलेल्यांना आणायला हे उलटे चालत जातात. कोणाच्या पायाला फोड, कोणाची चप्पल तुटलेली. सुई-दोरा, हळद, पट्ट्या सगळं त्यांच्या पिशवीत. देवळात मी त्यांना डोळे मिटून बसलेलं फारसं पाहिलेलं नाही. त्यांची भक्ती मला त्या उलट्या चालण्यातच दिसते, पण हे त्यांना सांगितलं तर म्हणतील, "काहीतरी बोलतोस."

शहाद्याची सून

वरचं वाचून छान वाटलं, पण मी दुसरी बाजू लिहिते. सासरे फौजेत होते तेव्हा वर्षाला दोन-तीन महिने घरी. बाकी सगळा काळ शेत, म्हशी, पोरांच्या शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी सासूबाईंनी एकटीने ओढली. पोरांना बाप म्हणजे काळी पत्र्याची ट्रंक आणि मिठाईचा डबा. पेन्शनवर आले ते थेट घराचे कमांडर झाले. गव्हाची कोठी कुठे ठेवायची, म्हशीला पाणी किती वाजता, सगळ्याला हुकूम. सासूबाईंनी काही दिवस ऐकून घेतलं आणि एका संध्याकाळी सांगितलं, "तुम्ही नव्हतात तेव्हाही हे घर चालत होतं." त्यानंतर वाटणी झाली: बँक आणि बाजारहाट त्यांच्याकडे, शेतीचा निर्णय सासूबाईंचा. पूजा दोघं वेगवेगळ्या वेळी करतात. त्यांना फुलं रांगेत लागतात, सासूबाईंना वेळ नसतो.

पांझराकाठ

आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. 1941 साली बेळगावात उभी राहिलेली पलटण, केंद्र पुढे सागरला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते ड्यूटीवर होते. पुढच्या सुटीत घरी आले तर देव्हारा उतरवलेला. आजीने उतरवला होता, त्यांना न विचारता. घरात काय होईल या धास्तीने शेजारचे ओट्यावर जमले होते म्हणे. आजोबांनी ट्रंक ठेवली, पाय धुतले आणि आजीला म्हणाले, मलाही शिकव. त्रिशरण-पंचशील ते तिच्याकडून शिकले. म्हातारपणी वंदनेत आजी एखादी ओळ गाळायची, तेव्हा हे मधेच खाकरायचे.

जुनं धुळं

थोडक्यात लिहितो. अब्बा ग्रेनेडियर्समध्ये होते, 1965 चे परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद याच रेजिमेंटचे. अब्बा सांगतात, दिवाळीला मुसलमान जवान ड्यूटी घ्यायचे, ईदला हिंदू. गावी आल्यावरही सवय राहिली. शेजारचे पाटील दिवाळीत गावी गेले की त्यांच्या गुरांना चारा-पाणी अब्बा करतात. ईदच्या दिवशी आमच्या दुकानावर पाटील बसतात, गल्ल्यात हमखास घोळ घालतात.

निवृत्त सुभेदार

सगळं वाचलं. शाली पुष्कळ झाल्या, हे खरं. शहाद्याच्या ताईंनी लिहिलं ते माझ्या घरातही झालं आहे, जास्त सांगत नाही. मी दर एकादशीला देवळाच्या सभामंडपात बसतो. आसपासच्या गावांतून फौजींच्या विधवा कागद घेऊन येतात. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. फौजीच्या डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारखा तिसऱ्याच. माणूस गेला की कुटुंब निवृत्तिवेतन तिथे अडकतं, आणि बाई महिनोन्महिने फेऱ्या मारते. माझं फौजी भावांना सांगणं आहे, पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि आधार, तिन्ही समोर ठेवून बायकोचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. आजच बघा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर भरता येतो, तो चुकवू नका.

तापीकाठची

सुभेदार काका, आत्ता पाहिलं. पप्पांच्या पुस्तकात आईचं माहेरचंच नाव आहे. आधी रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं?

निवृत्त सुभेदार

आधी सैनिक कल्याण कार्यालयात जा, ताई. कागदांची यादी तेच देतील. आईचा लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावांचा पुरावा सोबत ठेवा. आणि पप्पांनाच घेऊन जा. अर्ज त्यांच्या सहीने गेला की निम्मं काम तिथेच होतं.