लूपर टॉवरमध्ये पत्रा सतत ड्राइव्ह साइडला सरकतो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला रंग चढवायची आमची लाइन आहे. पत्रा ०.४ ते ०.५ मिलिमीटर जाड, १२२० मिलिमीटर रुंद. नेहमीचा वेग मिनिटाला ६० मीटर.

अडचण एंट्री लूपरमध्ये आहे. कॉइल संपली की नवी जोडेपर्यंत लाइन चालू राहावी म्हणून जो उभा टॉवर असतो, तो. त्यातून वर-खाली फिरताना पत्रा ड्राइव्ह साइडला (मोटर असते त्या बाजूला) सरकत जातो. टॉवर रिकामा असताना थोडाच सरकतो, भरला की कड साइड गाइडला घासते, दुमडते आणि पुढे कोटरच्या (रंग लावणाऱ्या यंत्राच्या) रबरी रोलवर चीर पाडते. टॉवरनंतर पत्रा मध्ये आणण्यासाठी वळणारा एकच स्टिअरिंग रोल आहे. त्याचा ऑप्टिकल सेन्सर रोलपासून साधारण ४ मीटर पुढे, कारण जवळ बसवायला जागा नव्हती असं सांगतात. गेन (पत्रा सरकल्यावर रोल किती वळवायचा ते प्रमाण) वाढवला की पत्रा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, कमी केला तर रोल वेळेवर वळतच नाही.

सगळे म्हणतात माल वाकडा आहे. पर्चेसवाल्यांनी सप्लायरला पत्र लिहायची तयारी केली आहे. मला ते पटत नाही. वेगवेगळ्या पत्रा कारखान्यांच्या कॉइल लावल्या तरी पत्रा त्याच बाजूला जातो. माल वाकडा असता तर कधी इकडे, कधी तिकडे गेला असता ना?

मला खरी काळजी वेगळीच आहे. पत्रा सरकला की ऑपरेटर मुलं लाकडी ठोकळा घेऊन चालत्या पत्र्याची कड दाबत उभी राहतात. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याची धार काय करते, हे इथे कुणाला सांगायला नको. मी मनाई केली आहे, पण रात्रपाळीत काय चालतं ते मला माहीत आहे. ही गोष्ट मुळातून बंद करायची आहे.

चवथीला लाइन बंद राहील, तेवढाच वेळ हातात आहे. कुठून सुरुवात करू? रोलना मध्ये फुगवटा द्यावा, असंही एकाने सुचवलं आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— कुंडईवाला

प्रतिसाद : जुना फिटर, डिचोली

कुंडईवाले, तुमचा अंदाज बरोबर वाटतो. तरी पत्र जाण्याआधी कॅम्बर, म्हणजे पत्र्याच्या कडेचा बाक, मोजून टाका, म्हणजे वाद मिटेल. दोन मीटरच्या पट्टीने मोजू नका. १० मीटर पत्रा जमिनीवर मोकळा पसरा, कडेला तार ताणा आणि मध्ये किती फट पडते ते बघा. बाक अंतराच्या वर्गाने वाढतो : २ मीटरला २ मिलिमीटर असेल तर १० मीटरला ५० मिलिमीटर दिसेल. मग डोळ्यांनाच कळतं. आणि रुंद कॉइल मधून चिरून दोन केलेला माल घेत असाल, तर दोन्ही भागांचा बाक बहुधा उलट दिशेला असतो. तुमचा पत्रा कायम एकाच बाजूला जातो, म्हणून मला माल दोषी वाटत नाही.

आता टॉवर. चालता पत्रा रोलच्या आसाला काटकोनात यायला बघतो, म्हणून रोलच्या ज्या टोकाला तो आधी टेकतो त्या बाजूला सरकतो. आडव्या लाइनमध्ये यासाठी रोल वरून पाहिल्यावर काटकोनात आहे का ते तपासतात. उभ्या टॉवरमध्ये पत्रा खालून वर येतो, त्यामुळे तिथे सगळा खेळ लेव्हलचा. वरच्या रोलवर पत्रा खाली झुकलेल्या टोकाकडे जातो. खालच्या रोलवर उलट, उंच टोकाकडे. वरचे सगळे रोल एकाच कॅरेजवर, म्हणजे साखळ्यांवर टांगून वर-खाली होणाऱ्या चौकटीवर असतात. कॅरेज एका बाजूला झुकली की प्रत्येक फेरीत चूक त्याच दिशेने साठत जाते. टॉवर भरला, म्हणजे कॅरेज वर गेली, की फेऱ्या लांब होतात आणि तेवढ्याच तिरकेपणाला पत्रा जास्त सरकतो. तुमचं लक्षण नेमकं हेच आहे.

माझ्या मते ड्राइव्ह साइडची साखळी ताणली गेली आहे. कॅरेज तळाला, मध्ये आणि वर, अशी तिन्ही ठिकाणी थांबवून रोलवर बारीक लेव्हल ठेवा. तिन्ही ठिकाणी सारखाच कल असेल तर साखळीची लांबी जुळवा. कल बदलत असेल तर गाइड रेल झिजली आहे किंवा ओळंब्यात नाही. कॅरेज आधी लॉक करा, शिवाय पिन घाला. त्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका.

फुगवट्याचं आत्ता विसरा. फुगीर रोल पत्र्याला मध्ये आणतो हे खरं, पण ०.४ च्या पत्र्यावर फुगवटा जास्त झाला तर मधोमध लांब सुरकुती पडते. रंग चढवल्यावर तीच आधी दिसते. रोलचा व्यास मात्र दोन्ही टोकांना मोजा.

प्रतिसाद : वेर्णे इन्स्ट्रुमेंट

झोक्यांबद्दल लिहितो. ६० च्या वेगाने पत्रा सेकंदाला १ मीटर जातो. सेन्सर रोलपासून ४ मीटर अंतरावर, म्हणजे रोल वळल्याचा परिणाम त्याला ४ सेकंदांनी दिसतो. तोवर रोल जास्तच वळून बसलेला असतो. वेग २० वर आणला की हाच उशीर १२ सेकंदांचा होतो. हळू चालवताना झोके वाढतात का ते बघा. वाढत असतील तर दोष गेनचा नाही, सेन्सरच्या जागेचा आहे. पत्रा स्टिअरिंग रोल सोडतो तिथेच, जमेल तितक्या जवळ सेन्सर हवा. ब्रॅकेट कापून नवा करावा लागला तरी करा.

शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात ऑप्टिकल सेन्सरच्या काचेवर ओल आणि तेलाची वाफ बसते. इंडक्टिव्ह सेन्सरला त्याचा त्रास होत नाही, त्याला समोर धातू लागतो एवढंच. दोन्ही कडांना एकेक लावलात तर पत्र्याची रुंदी बदलली तरी मध्य धरता येईल.

कुंडईवाला

दादा, वेर्णेकर, दोघांचे मनापासून आभार. आज वेग कमी करून पाहिला, झोके खरंच वाढले. वरच्या पहिल्या रोलवर लेव्हल ठेवली, तर ड्राइव्ह साइड खाली आहे. बाकीच्या दोन उंचीवर चवथीच्या बंदमध्ये मोजतो. सप्लायरचं पत्र तूर्त थांबवलं आहे. साइड गाइडजवळ जाळीचं दार बसवायचं कामही त्याच दिवसांत काढलं आहे, दार उघडलं की लाइन थांबेल असं.

एकच शंका राहिली. साखळी जुळवून कॅरेज लेव्हलला आणल्यावर खालचे रोल त्याच दिवशी तपासावेत, की आधी पत्रा चालवून बघावा? दादा, तुमचा अनुभव काय?

जुना फिटर, डिचोली

त्याच दिवशी तपासा. खालचे रोल जमिनीवरच्या फ्रेमला असतात, एकदा लेव्हल झाले की सहसा हलत नाहीत. पण कॅरेजचा कल लपवायला कुणी आधी खालच्या रोलला शिम (उंची जुळवायची पातळ पट्टी) घातली असेल, तर कॅरेज सरळ केल्यावर पत्रा दुसऱ्या बाजूला पळेल. प्रत्येक बेअरिंगखाली काय आहे ते बघून वहीत लिहा, आणि मगच लाइन सुरू करा.