हेड खोलायच्या आधी चेंबर उतरवा

भाऊ, ट्रॅक्टरच्या डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं, अन् मिस्त्री हेड गॅस्केटच (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची पॅकिंग) गेली म्हणून राहिला, तरी हेडला हात लावू नका. रात्रभर उभा ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट हळूच ढिला करा. पाणी जड, तेच आधी येते. मग चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, खाली कोरडा पुठ्ठा टाका, रेडिएटर काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. आमचा पुठ्ठा सकाळी नेमका मधल्या लायनरखाली (पिस्टन ज्यात वरखाली होते ती नळी) ओला होता. लायनरच्या रबर रिंगा गेलेल्या. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतलं, चूक आमचीच! थेंब लायनरच्या बाहेरून उतरला तर रिंग, आतून पिस्टनवरून आला तर गॅस्केट, नाहीतर हेडलाच तडा. तोवर सेल्फ मारू नका बाप्पा, बेअरिंगा जातील.