रविवारच्या गर्दीत ऑर्डरी अडकतात : मॅनेजर कडक हवा की मवाळ?

गल्लेवाला : व्हेज रेस्टॉरंट, 15 टेबलं, 60 जणांची बैठक. किचनमध्ये 6, सर्व्हिसला 5 जण. रविवारी 1 ते 3 ऑर्डरी उशिरा निघतात, भलत्याच टेबलावर जातात. मॅनेजरने धाक ठेवावा की सांभाळून घ्यावं?

तवामास्तर : ते वेळेवर ठरतं. गर्दीत हुकूमच, पण एकाच तोंडून. केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) एकानेच वाचायची : टेबल नंबर, पदार्थ, नग, आणि ‘तिखट कमी’सारखा बदल शेवटी. तवा, तंदूर, ग्रेव्ही, ज्याची ऑर्डर त्याने ती परत मोठ्याने म्हणायची. म्हटली नाही तर ऐकली नाही असं धरा. गल्ल्यावरून मालक ‘7 नंबर आधी काढ’ ओरडला की क्रम मोडतो आणि वस्तादाचा (मुख्य आचाऱ्याचा) शब्दही पडतो. निम्मा गोंधळ तिथलाच असतो. (आयडी बघून बोललो, राग नसावा.)

आणि रोटी ग्रेव्हीबरोबरच लावू नका. ग्रेव्ही उतरायला दोनेक मिनिटं उरली की तंदूरला आवाज द्या, नाहीतर रोटी वाट बघत चिवट होते.

पोळपाट : हुकूम चालायला आधी बोलणं झालेलं लागतं. साडेबाराला 10 मिनिटं सगळे उभे करा : आज काय नाही, काय थोडंच आहे, कुठली टेबलं कोणाची. इथे मॅनेजरने कमी बोलायचं. गिऱ्हाईक कशावर कुरकुरतं ते वेटरला ठाऊक असतं. ‘सगळ्यांनी सगळीकडे बघा’ म्हटलं की कोणीच बघत नाही. तिघांना 4-4 टेबलं, चौथ्याला 3, पाचवा फक्त किचनमधून माल उचलणारा.

चुकलेल्या पदार्थाचे पैसे पगारातून कापू नका. वेटर चूक लपवतो आणि चुकीची भाजी टेबलावर जाते. वही ठेवा : वेळ, टेबल, काय चुकलं. दोन आठवड्यांत कारण दिसतं, कित्येकदा ‘व्हे. को.’ (कोल्हापुरी) आणि ‘व्हे. क.’ (कढाई) असल्या अक्षराचाच घोळ निघतो.

तवामास्तर : अन्नाच्या सुरक्षिततेत मात्र कायम कडक. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 च्या खाली, यावर चर्चा नाही. पण आजारपणात सुट्टी मागितली की शिव्या मिळत असतील, तर जुलाब लागलेला आचारीही गुपचूप कामावर येतो.

गल्लेवाला : माल उचलणाऱ्याला टिप कशी मिळणार? तो तयार होईल का?

पोळपाट : टिप एका डब्यात. रोज रात्री सगळ्यांसमोर मोजून वाटा, भांडीवाल्यासकट.