तेच धडे पुन्हा पुन्हा शिकवावेत का?

प्रश्न

गेली नऊ वर्षे मी मंडळीतील प्रौढांसाठी पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घेत आहे. गेल्या महिन्यात पापक्षमेचा विषय चालू असताना एका बहिणीने नम्रपणे सांगितले की हाच धडा मागील वर्षीही झाला होता आणि तिला आता पुढचे काही शिकायचे आहे. तिची शिकण्याची ओढ खरी आहे, म्हणूनच ते बोलणे मनाला लागले. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात लेखक प्राथमिक बाबी मागे ठेवून प्रौढतेकडे जाण्यास सांगतो, आणि मत्तय ६:७ मध्ये प्रभू येशू प्रार्थनेतील व्यर्थ बडबडीविषयी बजावतो. मग वर्षानुवर्षे त्याच सत्यांकडे परतणे हे शिक्षकाचे कर्तव्य मानावे, की त्याच्या तयारीतील उणीव? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे.

उत्तर १

आपण ही शंका मनात न ठेवता विचारलीत, हे चांगले झाले. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच पौल सांगतो की त्याच गोष्टी पुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा नाही आणि वाचणाऱ्यांच्या दृष्टीने ते सुरक्षितपणाचे आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:१२) तर वाचकांना या गोष्टी ठाऊक आहेत आणि ते सत्यात स्थिर आहेत, हे मान्य करूनही त्यांची आठवण करून देत राहण्याचा निश्चय बोलून दाखवला आहे. ज्याला माहीत नाही त्यालाच पुन्हा सांगावे लागते, अशी आपली समजूत असते. प्रेषितांची तशी नव्हती.

मला स्वतःला मार्कच्या शुभवर्तमानाने अधिक शिकवले. तेथे येशू आपल्या मरणाविषयी आणि पुन्हा उठण्याविषयी शिष्यांना तीनदा सांगतो (८:३१, ९:३१, १०:३३-३४). पहिल्यांदा पेत्र त्याला बाजूला घेऊन विरोध करतो. दुसऱ्यांदा कोणाला काही उमजत नाही, विचारण्याचे भय वाटते, आणि वाटेत आपल्यात मोठा कोण याचा वाद रंगतो. तिसऱ्यांदा तर बोलणे संपते न संपते तोच याकोब आणि योहान मानाच्या जागा मागतात. शब्द कठीण नव्हते. पण देवाचे राज्य म्हणजे काय याची एक कल्पना शिष्यांच्या मनात आधीच घट्ट बसली होती, आणि तिच्याशी न जुळणारे वचन आत शिरत नव्हते. तरीही येशू सांगत राहिला आणि प्रत्येक वेळी तेवढेच सांगून थांबला नाही: परराष्ट्रीयांच्या हाती दिले जाणे, थट्टा, थुंकणे, फटके हा तपशील तिसऱ्या वेळी येतो. लूक २४:८ मध्ये रिकाम्या कबरेपाशी उभ्या असलेल्या स्त्रियांना त्याचे शब्द आठवले. ते आधी ऐकलेले होते, म्हणूनच त्या घटकेला आठवू शकले. शिकवणाऱ्याला फळ त्याच वर्षी दिसेल असे नाही.

उत्तर २

वरील विवेचन मला मान्य आहे, तरीही त्या बहिणीची बाजू कोणीतरी मांडायला हवी. इब्री ५:१२ मधील खंत अशी आहे की एवढ्या काळात जे शिक्षक व्हायला हवे होते, त्यांनाच मुळाक्षरे शिकवण्याची वेळ आली. पण त्याच पत्राची रीत पाहावी. ‘आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल’ हे ९५व्या स्तोत्रातील वचन तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत मिळून तीनदा येते, आणि ११०व्या स्तोत्रातील मलकीसदेकाची (अब्राहामाच्या काळातील याजक-राजाची) ओळ तर पुढे पुन्हा पुन्हा घेतली आहे. दर वेळी लेखक त्याच वचनातून एक नवा मुद्दा काढतो: विसावा, याजकपण, देवाची शपथ. पायाकडे परतणे आणि पायावरच बसून राहणे यांतील फरक येथे दिसतो.

म्हणून आपल्याला स्पष्टच विचारतो: गेल्या वर्षीची टिपणे आपण जशीच्या तशी वाचलीत का? तसे असेल तर दोष विषयाचा नाही. आणखी एक सुचवतो. तो धडा आता त्या बहिणीलाच घेऊ द्यावा.

उत्तर ३

मत्तय ६:७ पुढचे शब्द सोडून वाचले जाते, याचे मला वाईट वाटते. आपण पुष्कळ बोललो म्हणजे आपले ऐकले जाईल, या समजुतीला प्रभूने तेथे नाकारले आहे. लगेच दोनच वचनांनंतर तो शिष्यांना प्रार्थनेचे ठरलेले शब्द देतो, आणि गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा त्याच शब्दांनी प्रार्थना करतो (मत्तय २६:४४). आरंभीच्या मंडळीच्या ‘दिदाखे’ या लेखनात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्यास सांगितले आहे. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासी दर आठवड्याला सर्व १५० स्तोत्रे म्हणत. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही ख्रिस्ती शिकवणीच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे की पंडित आणि उपदेशक असूनही तो लहान मुलासारखा दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना शब्दशः म्हणतो.

१३६व्या स्तोत्रात ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद २६ वेळा येते. पुष्कळ वर्षे मी ते उपासनेत सवयीने म्हणत होतो. ज्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला, त्या वर्षी ‘आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली’ या अर्थाच्या तेविसाव्या वचनानंतर ते पालुपद माझ्याने म्हणवेना. भोवतालच्या लोकांनी म्हटले, मी ऐकले, आणि काही महिन्यांनी पुन्हा म्हणू लागलो. त्या दिवसांत मला नवे काही शिकण्याची शक्ती नव्हती. पाठ असलेले तेवढेच हाताशी होते.

उत्तर ४

थोडी भर घालतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:७) मुलांच्या मनावर वचने बिंबवण्यास सांगितले आहे. तेथील मूळ इब्री क्रियापदाचा संबंध पात्याला धार लावण्याशी जोडला जातो, तर काही अभ्यासक त्याचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा सांगणे’ असाच घेतात. धार लावायची तर पाते एकदाच फिरवून भागत नाही, त्यामुळे मला हे दोन्ही अर्थ जवळचेच वाटतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. उत्तर २ मधील प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, होय, टिपणे तीच होती. उदाहरणेसुद्धा बदलली नव्हती. त्या बहिणीला मी धडा घेण्याविषयी विचारले. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग लूक ७ मधील दोन ऋणकऱ्यांचा उतारा निवडला. काल ती एक प्रश्न घेऊन आली: ४७व्या वचनात येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या स्त्रीच्या पुष्कळ प्रीतीमुळे तिला क्षमा मिळाली, की क्षमा मिळाल्याची खूण म्हणून तिची प्रीती दिसली? हा उतारा मी वर्गात अनेकदा शिकवला आहे, पण या ठिकाणी थांबलो नव्हतो. दाखल्यातील ऋणकऱ्यांचे कर्ज आधी सोडले जाते, त्यामुळे दुसरा अर्थ मला योग्य वाटतो. परंतु ते मी तिला अजून सांगितलेले नाही. रविवारी ती वर्गाला विचारणार आहे.