मे महिन्यात ग्वाल्हेर-कोलकाता-पुरी, सोबत ७४ वर्षांचे बाबा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ग्वाल्हेरला आत्याच्या नातवाची मुंज आहे. तिचा एकुलता एक भाऊ म्हणून बाबा जाणारच, त्यात चर्चा नाही. तिथून कोलकात्याला माझ्या धाकट्या भावाकडे, आणि आईची फार वर्षांची इच्छा म्हणून जमलं तर पुरी. सोबत आई आणि मी आहोत. आम्ही पुण्याच्या सहकारनगरचे. आमचा उन्हाळा म्हणजे दुपारी पडदे ओढायचे आणि ऊन उतरलं की तळजाईवर चक्कर. तेवढ्या सवयीवर एवढा प्रवास करायची मला भीती वाटते.

कारण मागच्या एप्रिलमध्ये बाबा भर साडेबाराला पासबुक भरायला चालत गेले. अर्ध्या तासाने पानवाल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा ते टपरीशेजारच्या पायरीवर बसले होते. हात धरला तर कोरडा आणि तापलेला. पासबुकाची पिशवी मात्र घट्ट धरलेली. "अगं, जरा टेकलोय," म्हणाले, आणि लगेच मला आत्याच्या नावाने हाक मारली. त्या हाकेने माझ्या पोटात गोळा आला. बीपीसाठी ते लघवीची गोळी घेतात आणि सकाळपासून पोटात फक्त दोन कप चहा होता. डॉक्टर नंतर म्हणाले, उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला की वेळ घालवू नका: अंगावर पाणी मारा, वारा घाला, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

हे पुण्यात झालं, तेही पारा चाळिशीच्या आत असताना. ग्वाल्हेरला मे महिन्यात ४४-४५ म्हणजे नवल नाही. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त गेला, किंवा थेट ४५ ला टेकला, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. म्हणजे तिथे नेहमीचा दिवससुद्धा आमच्यासाठी लाटच! मुंजीचा मुहूर्त सकाळचा आहे, पण पंगती दुपारपर्यंत चालणार आणि मांडव पत्र्याचा. तिकडच्या मराठी घरांमध्ये म्हाताऱ्या माणसांना लू (उन्हाळ्यातला गरम वारा) लागू नये म्हणून नेमकं काय करतात? पन्हं, कांदा, डोक्याला ओला पंचा हे ऐकलंय. ओआरएसमध्ये मीठ असतं म्हणून बाबा ते घ्यायला तयार नाहीत. गोळी आणि ओआरएसचं डॉक्टरांना विचारणारच आहे, पण बीपीची माणसं सोबत घेऊन कुणी असा प्रवास केला असेल तर अनुभव सांगा.

दुसरी काळजी आईच्या इन्सुलिनची. ओल्या फडक्यातली पिशवी माठासारखी गार राहते, ते ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत चालेल. कोलकात्याच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गारवा कुठून येणार? घामाचंही तेच. आकडा ३६-३७ दिसतो म्हणून बाबा तिथे निर्धास्त होतील, आणि मला तेच धोक्याचं वाटतं. आइस पॅकला पेन चिकटून इन्सुलिन गोठलं तर तेही वाया. काय वापरता तुम्ही?

आणि कालबैशाखी, म्हणजे तिकडचं वळवाचं वादळ. वळीव आला की बाबा हमखास गच्चीवर जाऊन उभे राहतात, मातीचा वास घ्यायला. भाऊ म्हणतो, इथे वायव्येकडून आभाळ काळं झालं की आधी घरात यायचं, कारण मिनिटांत झाडं पडतात आणि विजा कोसळतात. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मी घेतलंय. तिकडे त्याचा इशारा हाताशी वेळ ठेवून येतो का?

पुरीचं अजून ठरवलेलं नाही. ३ मे २०१९ ला फनी वादळ पुरीजवळच धडकलं होतं आणि अम्फान बंगालमध्ये आलं ते २० मे २०२० ला. म्हणजे महिना तोच. हवामान खात्याचं वादळाचं पत्रक रोज बघून आयत्या वेळी निघावं, की आईला थंडीतच न्यावं?

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसचं तिकीट एसीचं काढलंय, ती दुपारीच ग्वाल्हेरला उतरवते. ग्वाल्हेरहून पुढे हावड्याचं (कोलकात्याचं) मात्र बाकी आहे. गाडी लेट झाली तर बाबांना फलाटावर किती वेळ काढावा लागेल, हाच प्रश्न आहे. पहाटेची गाडी बघू की रात्रीची, एवढं कुणी आधी सांगितलंत तर आजच आरक्षण करते.